सौर गाड्यांची शर्यत दोनदा व्हायला हवी

अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांनी सूर्यप्रकाशावर चालणारी छोटी गाडी स्वतः बनवायची आणि भर उन्हात शर्यतीत उतरवायची, हा शालेय उपक्रम आता बऱ्याच ठिकाणी रुळला आहे. ऑस्ट्रेलियात तो चालतो. अमेरिकेत ‘ज्युनियर सोलर स्प्रिंट’ या नावाने पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी १९९०च्या सुमारापासून चालत आला आहे. आखणी साधी आहे. २० मीटरची सपाट पट्टी, तिच्यावर जमिनीलगत ताणलेली दोरी, आणि ती दोरी गाडीच्या पोटाखालच्या कडीतून ओवलेली, म्हणजे गाडी भरकटत नाही. पॅनेल आणि मोटर यांना मर्यादा घालून दिलेली असते. सांगाडा, चाकं, आस, गिअर हे मुलांनी ठरवायचं. काही सेकंदांत एक फेरी संपते.

मला हा उपक्रम फार मोलाचा वाटतो. शाळेत मुलांना उत्तरं तपासून देणारी माणसं भरपूर असतात, पण त्यांची कल्पना बरोबर की चूक हे थेट निसर्गाने सांगावं असे प्रसंग फार कमी येतात. इथे तो येतो. म्हणूनच त्याच्या आखणीतली एक गोष्ट मला खटकते. शर्यत एकदाच होते. बऱ्याच संघांची गाडी खऱ्या उन्हात, खऱ्या पट्टीवर, इतर गाड्यांच्या शेजारी पहिल्यांदा धावते ती थेट स्पर्धेच्या दिवशी. त्या पहिल्या धावेत मुलांना जे कळतं, ते वापरायची संधी त्यांना मिळतच नाही. संध्याकाळी बक्षिसं वाटली जातात आणि गाडी कपाटावर जाते. माझं म्हणणं एवढंच आहे की शर्यतीचे दोन दिवस असावेत, मध्ये दोन-तीन आठवड्यांचं अंतर असावं, आणि त्या काळात मुलांना पट्टी व ऊन दोन्ही मोकळं मिळावं.

हे का महत्त्वाचं आहे ते कळायला पहिली धाव जवळून बघावी लागते.

सुरुवातीच्या रेषेवर गाड्या ठेवलेल्या असतात, पॅनेलवर पुठ्ठा झाकलेला असतो. इशारा होतो, पुठ्ठे उचलले जातात. काही गाड्या सुटतात. एक-दोन गाड्या जागच्या हलत नाहीत. मोटर हलकेच गुणगुणते, चाक जरासं थरथरतं, बस. मूल गोंधळून खाली वाकतं, आणि वाकताना त्याची सावली पॅनेलवर पडते, तशी गुणगुणही थांबते. कोणीतरी ओरडतं, ‘बाजूला हो!’ ते बाजूला होतं, गुणगुण परत सुरू होते, चाक तरीही फिरत नाही. शेवटी बोटाने किंचित ढकललं की गाडी निघते, आणि एकदा निघाली की चांगली पळते. नियमाप्रमाणे ढकललेली धाव बाद.

या अर्ध्या मिनिटात विज्ञानाचे दोन मोठे धडे उघड्यावर पडलेले असतात.

पहिला धडा सुरुवातीच्या ओढीचा. घरी चाचणी घेताना मुलांनी मोटरला बहुधा बॅटरी जोडलेली असते, कारण घरात ऊन नसतं. मोटर अडून राहिली की बॅटरी तिला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त विद्युतप्रवाह देते आणि त्या जोरावर गाडी उसळून निघते. सौर पॅनेलला हे जमत नाही. पॅनेल किती प्रवाह देऊ शकतं हे त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशाने ठरतं. मोटर कितीही अडली तरी त्या मर्यादेपलीकडे एक थेंब जास्त मिळत नाही. मोटरचा पीळ, म्हणजे चाक फिरवण्याचा तिचा जोर, प्रवाहाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे सुटतानाचा जोर उन्हाने बांधून टाकलेला असतो. तो वाढवायचे मार्ग मोजके: गिअरचं गुणोत्तर बदलणं, चाक लहान करणं, वजन आणि घर्षण कमी करणं. बॅटरीवर सुसाट धावलेली गाडी उन्हात का अडते, याचं उत्तर इथे आहे. हे उत्तर वाचून कळतं, पण पटतं ते गाडी अडल्यावरच.

दुसरा धडा सावलीचा. पॅनेल छोट्या सेलांचं बनलेलं असतं. सिलिकॉनचा एक सेल साधारण अर्धा व्होल्ट देतो, म्हणून तीन व्होल्टसाठी सहा-सात सेल एकामागोमाग जोडावे लागतात. अशा माळेत सगळ्यांतून एकच प्रवाह वाहतो. एका सेलवर पूर्ण सावली आली की तो सेल सगळ्यांची वाट अडवतो. बोटांच्या सावलीने अख्खी गाडी थांबते ती यामुळे. ज्या मुलांनी हे डोळ्यांनी पाहिलं, ती पुढच्या गाडीत पॅनेलच्या कडेला उंच शेपटी लावणार नाहीत.

आता गिअरकडे येतो, कारण या सगळ्या खटाटोपाचं काळीज तिथे आहे. मोटरच्या आसावर दहा दात्यांचं छोटं चाक आणि गाडीच्या आसावर पन्नास दात्यांचं मोठं चाक असेल, तर मोटर पाच वेळा फिरते तेव्हा गाडीचं चाक एकदा फिरतं. गाडीच्या चाकाचा व्यास पाच सेंटिमीटर धरला तर परीघ १५.७ सेंटिमीटर, म्हणजे २० मीटरसाठी चाकाचे सुमारे १२७ फेरे आणि मोटरचे ६३५च्या आसपास. हे गणित सहावी-सातवीच्या मुलाला येतं. गुणोत्तर आणि प्रमाण याच वयात शिकवलं जातं. पण वहीत गुणोत्तराचं उत्तर एकच असतं. इथे प्रश्न असा आहे की कोणतं गुणोत्तर चांगलं? तीनास एक ठेवलं तर गाडी सुटतच नाही किंवा रखडत सुटते. दहास एक ठेवलं तर झपकन सुटते, पण मोटर लवकरच तिच्या कमाल वेगाला पोहोचते आणि गाडी पुढे वेग घेत नाही. सर्वांत कमी वेळ देणारं गुणोत्तर मध्ये कुठेतरी असतं, आणि ते गाडीच्या वजनावर, चाकावर, त्या दिवशीच्या उन्हावर अवलंबून असतं. आडव्या अक्षावर गुणोत्तर आणि उभ्या अक्षावर लागलेला वेळ घेऊन आलेख काढला तर एक दरी दिसते, आणि तिच्या तळाशी आपली गाडी न्यायची असते. ‘जास्त म्हणजे चांगलं’ ही समजूत या वयात फार पक्की असते. ती मोडायला या आलेखापेक्षा चांगलं साधन मला माहीत नाही.

आणि ही दरी जागाही बदलते. प्रकाश निम्मा झाला की प्रवाह जवळपास निम्मा होतो, व्होल्टेज मात्र त्या मानाने फारसं उतरत नाही. म्हणजे मंद उन्हात मोटरचा जोर कमी होतो, तिची वेगाची क्षमता तितकी घटत नाही. अशा वेळी मोठं गुणोत्तर लागतं. जाणती मुलं खिशात दोन-तीन जास्तीचे गिअर घेऊन येतात आणि आकाशाकडे बघून ठरवतात. पण जाणती होण्यासाठी निदान पाच-सहा गुणोत्तरं उन्हात पळवून बघितलेली असावी लागतात. एका शर्यतीच्या दिवशी ते शक्य नसतं. रांगा असतात, फेऱ्यांचं वेळापत्रक असतं, सगळे घाईत असतात.

बाकीच्या गोष्टी मी भराभर सांगतो. निरभ्र आकाशात माध्यान्हीला प्रत्येक चौरस मीटरवर साधारण १००० वॉट ऊन पडतं. दहा बाय पंधरा सेंटिमीटरच्या पॅनेलवर १५ वॉट, आणि त्याची कार्यक्षमता २० टक्के असेल तर हातात तीन वॉट. पॅनेल उन्हाला काटकोनात धरलं नाही आणि ३० अंशांचा फरक राहिला तर सुमारे १३ टक्के तोटा होतो. ६० अंशांचा राहिला तर निम्मी वीज गेली. तापलेलं सिलिकॉन पॅनेल दर अंश सेल्सियसमागे साधारण ०.४ टक्के शक्ती गमावतं, म्हणून फेरीपर्यंत ते सावलीत ठेवणारा संघ शहाणा. दोन्ही आस एकमेकांना समांतर नसतील तर कडी दोरीवर घासत राहते आणि सगळी कमाई तिथे जाते. मुलं गाडीचं नाक टोकदार करण्यात खूप वेळ घालवतात. या वेगाला आणि या आकाराला हवेचा अडथळा असतो, पण वाकड्या आसाचं घर्षण त्याहून जास्त खाऊन जातं. हेही पट्टीवर दोन गाड्या शेजारी धावल्याशिवाय पटत नाही.

यातली कोणतीच गोष्ट पहिल्या गाडीत बरोबर येत नाही. मोठ्यांच्याही येत नाही. सौर गाडीचा इतिहास मुळात एका खेळण्यापासून सुरू झाला. १९५५ साली जनरल मोटर्सच्या विल्यम कॉब यांनी शिकागोतल्या प्रदर्शनात ‘सनमोबिल’ नावाची गाडी दाखवली. ती १५ इंचांची होती, सेलेनियमचे १२ सेल तिच्या छोट्या मोटरला वीज देत होते, आणि तिच्यात माणूस बसण्याचा प्रश्नच नव्हता. त्यानंतर ३२ वर्षांनी, १९८७मध्ये, ऑस्ट्रेलियात डार्विन ते अ‍ॅडलेड अशी सुमारे ३००० किलोमीटरची पहिली ‘वर्ल्ड सोलर चॅलेंज’ झाली. हान्स थोलस्ट्रप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली होती. ती जिंकणारी जनरल मोटर्सची ‘सनरेसर’ ताशी सरासरी ६७ किलोमीटरच्या आसपास वेगाने धावली. तिच्या घडणीत पॉल मॅक्रीडी यांच्या एरोव्हायरन्मेंट या कंपनीचा मोठा वाटा होता. त्याच मंडळींनी पुढे जनरल मोटर्ससाठी ‘इम्पॅक्ट’ ही विजेवर चालणारी मोटार घडवली आणि १९९०च्या जानेवारीत ती लोकांसमोर आली. तिच्यातूनच ‘ईव्ही१’ ही जनरल मोटर्सची विजेवरची मोटार निघाली. ‘वर्ल्ड सोलर चॅलेंज’ सुरुवातीला दर तीन वर्षांनी होत असे, १९९९पासून दर दोन वर्षांनी भरू लागली. विद्यापीठांचे संघ हरतात, परत जातात, गाडी उलगडतात, दोन वर्षांनी पुन्हा येतात. शर्यत परत येणार हे ठाऊक असतं म्हणून त्या हरण्याचा उपयोग होतो. मग बारा वर्षांच्या मुलांनाच एका धावेत निकाल का लावायचा?

‘पुढच्या वर्षी परत येतील की’, असं कोणी म्हणेल. नाही येत. पुढच्या वर्षी इयत्ता बदलते, वर्गशिक्षक बदलतात, संघातला एखादा मित्र दुसऱ्या शाळेत जातो. त्या वयात वर्ष फार मोठं असतं. गाडी का अडली हा प्रश्न डोक्यात गरम असेपर्यंतच, म्हणजे फार तर काही आठवडे, कामाचा असतो.

एकाच शर्यतीचा आणखी एक परिणाम होतो, आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. सगळं एका दिवसावर आलं की घरची मोठी माणसं राहवत नाही म्हणून हात घालतात. त्यांचा हेतू वाईट नसतो. आपलं लेकरू सगळ्यांसमोर अडलेल्या गाडीपाशी उभं राहील ही कल्पना त्यांना सहन होत नाही. मग आस बाबा कापतात, गिअर काका बसवतात, आणि मूल रंग देतं. शर्यतीच्या दिवशी अशा गाड्या लगेच ओळखू येतात. त्या सुबक असतात, आणि त्यांच्याविषयी काही विचारलं की मूल मागे वळून बघतं. दोन शर्यती असल्या तर पहिल्या दिवशी गाडी अडणं ही लाजेची बाब उरत नाही, ते त्या दिवसाचं कामच ठरतं. पालकांनाही हात आवरणं सोपं जातं. मोठ्यांनी कुठे थांबावं याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. धारदार पातं आणि तापलेली सोल्डरिंगची कांडी यांच्याशेजारी मोठं माणूस हवंच. कोणता गिअर लावायचा हे मात्र त्याने सांगू नये, मुलाने विचारलं तरी. त्या वेळी एवढंच म्हणावं: दोन्ही लावून बघ.

याच मुद्द्याला न्यायाचीही बाजू आहे. एखाद्या मुलाच्या घरी हत्यारांचा डबा असतो, यंत्रांत रस असणारं माणूस असतं, मोकळं अंगण असतं. त्याच्या चाचण्या घरीच होऊन जातात. दुसऱ्याकडे यातलं काही नसतं. एकच शर्यत घेतली की आपण नकळत पहिल्या मुलाचं घर मोजतो. मधल्या आठवड्यांत शाळेच्या मैदानावर पट्टी आखून ठेवली, गिअरचा साठा मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर खुला ठेवला, तर दुसऱ्या मुलालाही त्या चाचण्या मिळतात. दोन शर्यतींच्या बाजूने दुसरं कुठलंही कारण नसतं, तरी हे एक पुरलं असतं.

तयार किटबद्दलही इथेच बोलतो. ज्यात सगळे भाग ठरलेले, एकच गुणोत्तर शक्य, चित्र बघून जोडायचं, असं किट पहिल्या तासाला चालेल. हात बसतो, तारा कशा जोडायच्या ते कळतं. पण शर्यत त्याच गाडीची असेल तर निकाल फक्त नीटनेटकेपणाचा आणि नशिबाचा लागतो. बदलता न येणाऱ्या गाडीला दुसरी शर्यत देऊनही उपयोग नाही. निदान गिअर, चाकं आणि पॅनेलचा कोन या तीन गोष्टी मुलांच्या हातात असल्याच पाहिजेत.

स्पर्धाच नको, नुसतं प्रदर्शन भरवा, असं म्हणणारे शिक्षक मला भेटतात. हरलेल्या मुलांचे चेहरे त्यांनी बघितलेले असतात, त्यामुळे त्यांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. तरीही मला पट्टी हवी आहे. प्रदर्शनात परीक्षकांना काय आवडेल त्यावर क्रमांक ठरतो, आणि बोलकं मूल, सुंदर तक्ता, छान अक्षर यांना झुकतं माप मिळतं. अबोल मुलाची गाडी पट्टीवर स्वतः बोलते. घड्याळ कोणाचं आडनाव विचारत नाही. मुलांना दुखतं ते हरल्याने कमी, आणि हरल्यानंतर काहीच करता न आल्याने जास्त. दुसरी शर्यत नेमकं तेच देते.

मग दुसऱ्या दिवशी सुधारणेला वेगळे गुण द्यावेत का? ऐकायला ही कल्पना गोड वाटते, पण मी विरोधात आहे. सुधारणेला गुण ठेवले की पहिल्या दिवशी मुद्दाम रेंगाळण्यात फायदा दिसू लागतो, आणि मुलांना ते फार लवकर सुचतं. दोन्ही दिवसांच्या वेळा धरूनच क्रमांक लावावेत. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी उतरण्यासाठी एक अट घालावी: काय बदललं, का बदललं आणि त्याने वेळ किती बदलला, हे संघाने आपल्या नोंदवहीत लिहिलेलं असावं आणि संघातल्या कोणत्याही मुलाला ते तोंडी सांगता यावं. वही देखणी असायची गरज नाही. ‘गिअर ५:१, वेळ ९ सेकंद, ढग आला, ६:१, वेळ ७ सेकंद, ऊन चांगलं’ अशा चार ओळी खूप झाल्या. त्यातही ‘ढग आला’ हे शब्द मला सर्वांत मोलाचे वाटतात. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने काय झालं ते सांगता येत नाही, हे त्या मुलाला कळू लागल्याची ती खूण आहे.

वेळेची अडचण खरी आहे. शिक्षकांच्या अंगावर आधीच ढीगभर कामं असतात, आणि आणखी एक दिवस मागणं म्हणजे त्यांच्याकडेच मागणं. पण मधल्या आठवड्यांतलं काम विज्ञानाच्या तासाबाहेर ढकलायची गरज नाही. गुणोत्तर, सरासरी, आलेख, घर्षण, ऊर्जेचं रूपांतर हे सगळं असंही शिकवायचंच असतं. त्या आठवड्यांत वर्गातली उदाहरणं मुलांच्या स्वतःच्या गाडीतून घ्यावीत. सरासरी काढायला पुस्तकातल्या धावसंख्या कशाला, तीन फेऱ्यांच्या वेळा वहीत आहेतच. वेळ काढायचाच तर सजावटीचा काढावा. गाडी रंगवण्यात दोन-दोन तास जातात, आणि रंगाचा थर वजनात भर घालतो ते वेगळंच.

राहता राहिलं आभाळ. ऊन नसेल तर बऱ्याच ठिकाणी सगळ्यांना सारख्या बॅटऱ्या देऊन शर्यत उरकतात. आयोजकांची अडचण मला समजते. सगळे संघ जमलेले असतात, पट्ट्या आखलेल्या असतात. पण वर सांगितलं तसं बॅटरीचा आणि पॅनेलचा स्वभाव वेगळा आहे. ज्या मुलांनी उन्हासाठी जपून गुणोत्तर निवडलं, त्यांची निवड बॅटरीवर मागे पडते, आणि ज्यांनी काहीच विचार केला नव्हता त्यांची गाडी पुढे जाऊ शकते. म्हणजे ज्यांनी नीट अभ्यास केला त्यांनाच आपण शिक्षा करतो. दोन दिवस आधीच ठरलेले असले तर ढगाळ दिवशी शर्यत न घेता तो दिवस गाड्या एकमेकांना उघडून दाखवण्यात घालवता येतो आणि क्रमांक दुसऱ्या दिवसाच्या उन्हावर लावता येतात. दोन्ही दिवस ढगाळ गेले तर बॅटरी वापरावी, पण आधी सगळ्या संघांना गिअर बदलायला निदान एक तास द्यावा.

आयोजकांकडे यासाठी नवीन काही मागावं लागत नाही. पट्टी तीच, दोरी तीच, पॅनेल तीच. पुढच्या हंगामाचं पत्रक काढताना दोन्ही तारखा एकदम जाहीर कराव्यात, आणि पहिल्या दिवशी संध्याकाळी पट्टी गुंडाळून नेऊ नये.